बापलेकांचं बिनसणं : कृष्णाकाठचा आढावा

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रात एक प्रसंग असा आहे, की तो वाचून माणूस पटकन पुढे निघून जातो. पुढे रयत शिक्षण संस्था आहे, ती १९१९ साली जिथं सुरू झाली ते कऱ्हाडजवळचं काले गाव आहे, साताऱ्याचं वसतिगृह आहे. त्यामुळे कोरेगावच्या एका घरात बापलेकांमध्ये काय घडलं, इथं कुणी थांबत नाही. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. घर वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. मुलाला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये ठेवून शिकवलं, पण शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलं. मुलगा घरी परतला. लग्न झालेलं, कमाई नाही, आणि दिवस गावात फिरण्यात जायचा. वडिलांनी एक दिवस बोलून दाखवलं. ते मनाला लागलं आणि मुलानं घर सोडलं. साताऱ्यात जाऊन शिकवण्या धरल्या आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले.

याच मुलानं लहानपणी अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून विहिरीचा रहाट मोडला होता, आणि इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसवलेल्या ज्ञानदेव घोलप या मुलाला शिकायला कोल्हापूरला नेलं होतं, असं चरित्रकार सांगतात. म्हणजे मुलगा काय आहे हे कळायला पुरेशा खुणा होत्या. पण कारकुनाच्या पगारावर घर चालवणाऱ्या बापाला त्यात पोटापाण्याची सोय दिसत नव्हती. पायगोंडांना मी दोष देत नाही. ते घाबरलेले होते. आपल्याकडे बापाची भीती बहुतेक वेळा रागाच्या रूपानंच बाहेर येते, आणि मुलाला राग तेवढा ऐकू येतो.

इस्लामपूर, ज्याचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, आणि त्याच्या भोवतीचा वाळवा, शिराळा, कऱ्हाड, खानापूर हा मुलूख बापलेकांच्या या बिनसण्याच्या अभ्यासाला फार योग्य आहे. इतिहास, साहित्य, ऊस, मुंबईची वाट आणि लष्कराची नोकरी या सगळ्यांनी इथल्या बापलेकांच्या नात्यावर खुणा सोडल्या आहेत. ‘बापाचं आणि पोराचं पटत नाही’ हे वाक्य इथं इतकं सहज बोललं जातं, की ते न पटणं जणू दोघांच्या स्वभावाचा भाग मानलं जातं. हा सगळा पट पाहिल्यावर मला ते पटत नाही. हे बिनसणं घडवलं जातं. ज्या घरात बाप मुलाला लहानपणी सोबत घेत नाही आणि मोठेपणी मात्र त्याच्याकडे हिशेब मागतो, तिथं ते हमखास घडतं.

सुरुवात फार लवकर होते. तक्रार कानावर येते तेव्हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो, म्हणून आपण वयाला दोष देतो. मानसशास्त्रज्ञ सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय मुलाच्या घडणीबद्दल जे मांडलं, ते इथल्या कुठल्याही वाड्यावस्तीवर पडताळून पाहता येतं. चार-पाच वर्षांचा होईपर्यंत मुलगा आईच्या आणि घरातल्या बायकांच्या मायेत असतो. त्यानंतर तो एकदम पुरुषांच्या जगात ढकलला जातो, आणि तिथं शिस्त, आज्ञा आणि अपेक्षा उभ्या असतात. आधी लाड आणि मग अचानक धाक. या उडीत बापानं हात धरायला हवा असतो. पण एकत्र कुटुंबात त्याचेच हात बांधलेले असत. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणं, त्याचा मुका घेणं हा उद्धटपणा समजला जाई. आजोबा सोप्यात बसलेले असताना बाप पोराला मांडीवर घेत नसे. आजोबांना मात्र ती मोकळीक होती, म्हणून आपल्याकडच्या आठवणींत आजोबा मऊ आणि वडील कडक असतात. कडकपणातला बराचसा भाग त्या माणसाचा नव्हताच, तो जागेचा होता.

हे कुणी विसरू नये म्हणून आनंद यादवांचं ‘झोंबी’ आहे. १९८७ साली आलेल्या आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेल्या या आत्मचरित्रात कागलच्या एका घरातलं बापलेकांचं भांडण इतकं जवळून येतं, की मराठीत दुसरं उदाहरण सापडणं कठीण. वडील मुलाला शाळेतून काढून शेतात घालतात आणि स्वतः गावभर फिरतात. इतरांच्या आधी गुऱ्हाळ लावून ऊस गाळून घेतात. मुलाला शिकायचं आहे, पण बापाला थेट सांगायची सोय नाही. आई आणि मुलगा मिळून गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात. देसाई वडिलांना बोलावून झापतात, तेव्हा कुठं शाळेची परवानगी मिळते. तीही अटींवर: सकाळी अकरापर्यंत शेतात काम, शाळा सुटल्यावर गुरं राखणं, आणि कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळा बंद.

या प्रसंगातली वाट नीट पाहायला हवी. मुलाचं म्हणणं आईकडे जातं, आईकडून गावातल्या वजनदार माणसाकडे, आणि तिथून बापाकडे. एका घरात राहणाऱ्या दोघांमध्ये दोन मध्यस्थ. आजही वाळव्याच्या घरांमध्ये हीच वाट चालू आहे. ‘सहलीला पैसे पायजेत, आण्णांना सांग की’ असं पोरगं आईला म्हणतं. आणि आण्णाही आईलाच विचारतात, ‘त्याच्या परीक्षेचं काय झालं?’ मधल्या माणसाकडून निरोप जातो, पण त्यातला सूर जात नाही. बापाची काळजी पोचेपर्यंत चौकशी होते, आणि मुलाची अडचण पोचेपर्यंत मागणी होते. आईवर याचं किती ओझं येतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण ते येतं.

यादवांच्या वडिलांविषयी वाचताना चीड येते, तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. हा मुलगा गुरांमागे, पाण्याच्या पाटावर शिकलेल्या कविता म्हणत असे. त्याचं शेत त्याला नकोसं नव्हतं, नकोशी होती ती एकतर्फी आज्ञा. बाप त्याच्याबरोबर राबत असता, तर ‘झोंबी’ वेगळं पुस्तक झालं असतं.

आता बाप घरातच नसेल तर? साताऱ्या-सांगलीच्या मोठ्या भागात ही पिढ्यान्‌पिढ्यांची परिस्थिती आहे. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी इथल्या माणसांनी भरल्या. माथाडी कामगारांमध्ये सातारकर-सांगलीकरांची संख्या एवढी, की अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला १९६९ चा माथाडी कायदा या मुलखातल्या असंख्य घरांच्या चुलीशी जोडलेला आहे. खानापूर, आटपाडी, तासगावकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायला देशभर पांगले. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी’ याच नावानं ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. असा बाप वर्षातून एकदा, जत्रेला किंवा गणपतीला येई. कपडे आणी, खाऊ आणी, चार दिवसांत वर्षभराची शिस्त लावी, आणि निघून जाई. मुलगा त्याला ओळखायला लागेपर्यंत एसटी आलेली असे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाचा इतिहास पगाराचा, मालकांचा, गिरण्यांच्या जमिनीचा म्हणून लिहिला गेला. पण कामगार गावी परतले तेव्हा घराघरांत जे झालं, ते फार कमी लिहिलं गेलं. पैसे पाठवणारा माणूस म्हणून ज्याला मान होता, तो आता रिकाम्या हातानं सोप्यात बसला. मुलं आईच्या आणि चुलत्याच्या हुकमात वाढलेली. या नव्या माणसानं ‘अभ्यास कर’ म्हटल्यावर त्यांना प्रश्न पडला, की हा कोण सांगणारा? बापालाही तो प्रश्न दिसत होता. त्या दशकात या खेड्यांमध्ये दारू वाढली, मारहाण वाढली असं जुनी माणसं सांगतात, आणि त्यामागे बेकारीइतकंच हे घरातलं परकेपण होतं असं मला वाटतं.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची गोष्ट या चित्रात वेगळी उठून दिसते. त्यांचे वडीलही मुंबईत कामाला. पण त्यांनी पुढे घरच्यांना बरोबर घेतलं, आणि गाडीभाड्याला पैसे नसल्यानं सगळे वाटेगावाहून मुंबईला चालत गेले. अण्णा भाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. उपास, वाटेत पडेल ते काम, परका मुलूख. त्या मुलानं बापाला थकलेलं पाहिलं, काम मागताना पाहिलं, अपमान गिळताना पाहिलं. पुढे ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाच्या पानांत बापाविषयीचा आदर दिसतो, याचं मला नवल वाटत नाही. गरिबी दोघांनी एकत्र सोसली होती.

इतिहासात याहून मोठं उदाहरण आहे आणि त्यावर बोलताना सगळे जपून बोलतात. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे साताऱ्याजवळच्या सज्जनगडावरून निघून मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. वय एकवीस. एप्रिल १६७९ मध्ये आजच्या खानापूर तालुक्यातला भूपाळगड मोगलांनी घेतला आणि दिलेरखानानं सातशे कैद्यांचा एकेक हात तोडला. वर्षभराच्या आत राजे मोगलांच्या छावणीतून निसटून पन्हाळ्यावर परतले. जानेवारी १६८० मध्ये शिवाजी महाराज त्यांना तिथं भेटले. ३ एप्रिलला महाराज गेले. बखरकारांनी यातून बिघडलेला मुलगा उभा केला आणि नाटकवाल्यांनी तो उचलला. वा. सी. बेंद्र्यांचं १९६० सालचं चरित्र आणि पाठोपाठ डॉ. कमल गोखल्यांचं संशोधन आलं, तेव्हा ते चित्र पुसलं जाऊ लागलं. रहिमतपूरला जन्मलेल्या वसंत कानेटकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं, तेव्हा त्यांनी राजकारण मागे ठेवून एका घरातली घुसमट पुढे आणली. त्या नाटकाला गर्दी झाली, कारण समोर बसलेल्या प्रत्येक बापाला आणि मुलाला ते आपलं घर वाटलं.

मी इतिहासकार नाही, पण तारखा एका रांगेत ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. दोन वर्षांचे असताना आई सईबाई गेल्या. आठव्या वर्षी पुरंदरच्या तहानंतर मोगलांची मनसब नावावर आली. नवव्या वर्षी वडिलांसोबत आग्र्याला. तो प्रवास, ती कैद, ती सुटका बापलेकांनी एकत्र अनुभवली. १६७६ च्या अखेरीस महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले तेव्हा मात्र एकोणीस वर्षांच्या युवराजांना शृंगारपुरी ठेवण्यात आलं. दीड वर्षांची मोहीम, आणि इकडे दरबारातली मंत्री-मंडळी, सावत्रपणा, कुजबुज. नऊ वर्षांच्या मुलाला जी सोबत मिळाली, ती एकोणिसाव्या वर्षी मिळाली नाही. आणि तरीही पन्हाळ्याची भेट झाली. त्याच मुलानं ‘बुधभूषण’ या आपल्या ग्रंथात वडिलांचं गौरवानं वर्णन केलं, आणि त्यांच्या माघारी नऊ वर्षं राज्य लढवत ठेवलं. लहानपणी जे विणलेलं असतं, ते तुटल्यासारखं दिसलं तरी पुरतं तुटत नाही, असा मी याचा अर्थ लावतो.

साहित्यातून या प्रश्नाची दुसरी बाजूही पुढे आली: बापच मुलाकडून घेणारा. वि. स. खांडेकर १८९८ मध्ये सांगलीत जन्मले. वडील लवकर गेले, १९१६ साली चुलत्यांना दत्तक गेल्यावर गणेश आत्माराम होते ते विष्णु सखाराम झाले, आणि कॉलेज अर्धवट सोडून १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ ची. तिला पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. पुरू या मुलाकडून तारुण्य मागणारा बाप ही महाभारतातली गोष्ट आहे, पण एका दत्तक गेलेल्या माणसानं ती निवडावी याला मला अर्थ दिसतो. ए. के. रामानुजन यांनी भारतीय ईडिपसवरच्या आपल्या निबंधात हेच दाखवलं, की ग्रीक कथेत मुलगा बापाला मारतो, तर आपल्या कथांमध्ये ययाती असो की शंतनू, बापाच्या इच्छेसाठी मुलगा आपलं आयुष्य देतो. आणि समाज त्या मुलाला आदर्श म्हणतो. भीष्माला कुणी विचारलं नाही, की तुला काय हवं होतं.

हे पुराण आज कुठं चालतं? जमिनीत. वाळव्याचं पाणी आणि वाळव्याचा ऊस यांनी घरं सुधारली, राजारामबापू आणि हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाच्या कारखान्यांनी गावांचं रूप बदललं, हे खरंच आहे. पण सातबारा बापाच्या नावावर, सोसायटीचं कर्ज बापाच्या नावावर, कारखान्याचा शेअर बापाच्या नावावर. ऊस गेला की बिल बापाच्या खात्यावर जमा. शेतात पूर्णवेळ राबणाऱ्या मुलाचं स्वतःचं असं काही नसतं. महाराष्ट्रातली सरासरी शेतजमीन १९७०–७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५–१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटणी केली तर कुणाचंच भागत नाही, नाही केली तर मुलगा चाळिशीपर्यंत हात पसरतो. मिताक्षरा कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतः हिस्सा दिला. मुलींना तो महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये दिला, आणि तो योग्यच होता. दुसऱ्या टोकाला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. म्हणजे जन्मापासून हक्क आणि म्हातारपणी जबाबदारी, या दोन्ही टोकांना कायदा आहे. मधल्या चाळीस वर्षांत बापानं मुलाला घरच्या व्यवहारात कधी आणि किती घ्यायचं, हे कुठंच लिहिलेलं नाही.

यात दहा वर्षांचा मुलगा कुठं येतो, असं कुणी विचारेल. तो येतोच. तो बघत असतो. सायकलीसाठी त्यानं बापाकडे पैसे मागितले आणि बापाला ते आजोबांकडे मागावे लागले, की बाप उगीच ओरडतो. आपल्यावर ओरडलेला राग आपल्यासाठी नव्हता, हे त्या वयात कळत नाही. आजोबा आणि बाप यांचं जे चाललंय, ते मुलगा शिकत जातो.

मारण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण या भागात ‘बापाचा मार खाल्ला म्हणून माणूस झालो’ हे अभिमानानं सांगितलं जातं. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास आणि १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. चापट मारण्यासारखी साधी वाटणारी शिक्षासुद्धा जास्त आक्रमकपणा, मनाचे त्रास आणि पालकांशी बिघडलेलं नातं यांच्याशी जोडलेली आढळली. फायदा काही दिसला नाही. स्वीडननं १९७९ मध्ये घरातल्या मारालाही कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेतला मार बंद झाला, घराच्या उंबऱ्याच्या आत तो कायदा येत नाही. ज्यांनी मार खाल्ला आणि माणूस झाले, ते माराशिवायही झाले असते. जे झाले नाहीत, ते कुणाला सांगायला येत नाहीत.

मग जमलं कुठं? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला दादासाहेब जाधव पैलवान होते. पाच मुलांतला धाकटा खाशाबा. पाच वर्षांचा असताना बापानं त्याला लाल मातीत उतरवलं आणि डाव शिकवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. प्रत्येक घरात ऑलिंपिक येणार नाही. पण तालमीतला बाप मुलाच्या अंगाला अंग लावून शिकवतो, स्वतः घाम गाळतो, स्वतः पडतोही. मुलाला बापाचं शरीर आणि कष्ट ठाऊक होतात. पैलवान बापही हट्ट करतात आणि पोराच्या अंगावर आपली स्वप्नं लादतात, हे मला माहीत आहे. तरीही रोज पहाटेचे दोन तास एकाच मातीत असलेल्या दोघांमध्ये मध्यस्थ लागत नाही.

आजच्या इस्लामपुरात धोका उलट बाजूनं आहे. बाप आता मुलाला उचलून घेतो, शाळेत सोडतो, पप्पा म्हणवून घेतो. हे मोठं आणि चांगलं परिवर्तन आहे. पण दहाव्या-अकराव्या वर्षीच मुलगा निवासी शाळेत, मग अॅकॅडमीत, मग लातूर किंवा कोट्याच्या क्लासला. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, तेव्हा घरापासून दूर राहून शिकणं मोजक्यांचं होतं. आता ते गावोगावचं आहे. पूर्वी बाप मुंबईला जायचा, आता मुलगा जातो. फीचे हप्ते भरणारा बाप फोनवर मार्क विचारतो आणि मुलगा मार्क सांगतो, आणि दोघांमधलं बोलणं तेवढ्यावर येऊन थांबतं.

केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला मूल जन्मल्यावर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला, ट्रॅक्टरवर ऊस ओढणाऱ्याला, गलाईच्या दुकानात भट्टीसमोर बसणाऱ्याला ती नाही. वाळवा तालुक्यात कारखाने आणि शिक्षण संस्था सहकारातून, लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या. त्यांच्या सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर तासन्‌तास चर्चा होते. तिथं एखाद्या सभासदानं दोन मागण्या मांडाव्यात: कामगार बापांसाठी महिनाभराची पितृत्व रजा, आणि शाळांच्या पालक सभा शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी सातनंतर. दोन्हींना फारसा पैसा लागत नाही. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि शाळेचं महत्त्वाचं सत्रही नेमकं तेव्हाच असतं. म्हणून हा विषय हंगाम सुरू होण्याआधीच्या सभेत यायला हवा.